अल्पाका पाळायचाय? आधी कुरण तयार करा

अल्पाका पाळायचं मनात आलं की बहुतेक जण थेट जनावराच्या शोधाला लागतात. फोटो पाहिलेले असतात, लोकरीबद्दल वाचलेलं असतं, हे जनावर पर्यावरणाला जपतं असं कानावर आलेलं असतं. मी नवख्यांना उलट्या क्रमाने जायला सांगतो. अल्पाका जमिनीवर कमी भार टाकतो हे खरं आहे. पण तुमच्या कुरणावर ते खरं ठरेल का, हे तुम्ही किती जनावरं ठेवता, काय चारता आणि औषधं कशी वापरता यावर अवलंबून आहे. म्हणून आधी जमीन, मग कळप, मग देखभाल आणि शेवटी लोकर.

त्याचा भार कमी कशामुळे

अल्पाका उंटाच्या कुळातला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी विकुन्या या रानटी प्राण्यापासून त्याला माणसाळवलं, त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. आजही जगातले बहुसंख्य अल्पाका पेरूत आहेत, आणि तिथेही पुनोच्या आसपासच्या उंच पठारांवर सर्वात जास्त. साडेतीन-चार हजार मीटरच्या वर हवा विरळ, रात्री कडाक्याची थंडी आणि गवत खरखरीत. तिथे टिकायचं तर थोडक्यात भागवणारं जनावरच लागतं.

त्याच्या पायाला खूर नसतो. दोन बोटं, पुढे नखं आणि तळाला मऊ गादी. पूर्ण वाढलेल्या अल्पाकाचं वजन साधारण ५० ते ८० किलो भरतं, त्यामुळे ओल्या जमिनीतही गाईच्या खुरांनी होतो तसा चिखलराडा होत नाही. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला असतो. त्याने तो पातं निवडतो आणि खालच्या दातांनी शेंडा कापून घेतो, मुळासकट उपटत नाही. पोटाचे कप्पे तीन, रवंथ करतो, आणि कमी कसाचा चाराही चांगला पचवतो. दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के इतका कोरडा चारा पुरतो.

मिथेनबद्दल बरेच मोठे दावे केले जातात, म्हणून एवढं नीट समजून घ्या. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्पाका, त्याच्याच कुळातला थोराड लामा आणि दोन वशिंडांच्या उंटांवर मोजमाप प्रसिद्ध केलं. वजनाच्या मानाने ही जनावरं गाई-मेंढ्यांपेक्षा कमी मिथेन सोडतात, कारण ती मुळात कमी खातात. पचलेल्या चाऱ्याच्या हिशोबाने पाहिलं तर मात्र फारसा फरक राहत नाही. म्हणजे फायदा आहे तो कमी खाण्यात. गरज नसताना दाणा चारून चरबी चढवली, तर तो फायदा आपल्याच हाताने जातो. जमिनीचंही तसंच. खुद्द अँडीजमध्ये बोफेदाल नावाच्या पाणथळ कुरणांवर जनावरं जास्त झाली की कुरणं खालावतात.

पायरी पहिली: परवानगी आणि पशुवैद्य

अल्पाका पाळायला आणि बाहेरून आणायला तुमच्या देशात परवानगी आहे का, हे पशुसंवर्धन खात्याकडून लेखी विचारून घ्या. बऱ्याच देशांत आयातीवर कडक बंधनं आहेत, काही ठिकाणी क्षयाची चाचणी करावी लागते. त्यानंतर अल्पाका तपासायला तयार असलेला पशुवैद्य शोधा. उंटाच्या कुळाचा अनुभव असेल तर उत्तमच. असा कुणीच जवळ मिळत नसेल तर इथेच थांबा. अल्पाका दुखणं लपवतो आणि आजाराने खाली बसला की हातात फार वेळ उरत नाही.

पायरी दुसरी: कुरण

बारमाही हिरव्या, चांगल्या कुरणावर एकरी चार-पाच अल्पाका निभतात. कोरड्या, विरळ गवताच्या जमिनीवर हा आकडा निम्म्याहून खाली जातो. माझा सल्ला, जमिनीला झेपतील असं वाटतं त्याहून कमीच जनावरांनी सुरुवात करा. एक वर्ष गवताचा जोर पाहा आणि मगच संख्या वाढवा.

कुरणाचे किमान तीन भाग पाडा, चार-पाच पडले तर अधिक चांगलं. एका भागात गवत बारा-पंधरा सेंटिमीटर झालं की कळप आत सोडायचा, पाच-सात सेंटिमीटरवर आलं की पुढच्या भागात न्यायचा. कळप कधी हलवायचा हे तारखेवरून ठरवू नका, गवत बघून ठरवा, आणि हलवलात की वहीत टिपून ठेवा. पावसाळी वाढीच्या दिवसांत एकेका भागाची पाळी लवकर येते, कोरड्या दिवसांत सावकाश. या नियमाचा दुहेरी उपयोग आहे. गवताच्या मुळांना पुन्हा उभारी धरायला वेळ मिळतो. शिवाय जंतांच्या अळ्या बहुतेक जमिनीलगतच्या पाच सेंटिमीटरांत असतात. गवत तिथपर्यंत खरडू दिलं नाही, तर जनावराच्या पोटात त्या कमी जातात. पुढे जंतनाशकावर जो खर्च आणि डोकेदुखी होते, त्यातली बरीचशी इथेच वाचते.

कुंपण सव्वा ते दीड मीटर उंच. काटेरी तार नको. मान, कान आणि लोकर तिच्यात अडकते. मोठ्या चौकोनांची जाळीही टाळा, पिल्लू डोकं घालतं आणि मागे ओढता येत नाही. कुंपण अल्पाकाला आत ठेवण्यापेक्षा कुत्र्यांना बाहेर ठेवण्यासाठी आहे, हे लक्षात घेऊनच बांधा. मोकाट किंवा शेजारचं पाळीव कुत्रंही एका रात्रीत कळपाची वाताहत करू शकतं. खाली जागा राहिली तर ते उकरून आत शिरतं, म्हणून जाळीचा खालचा काठ जमिनीला घट्ट बसवा.

विषारी झाडांसाठी सगळा बांध पायी फिरून तपासा. कण्हेर सर्वात घातक आहे, थोडी पानंही जीव घेतात आणि वाळलेल्या पानांत विष तसंच राहतं. रोडोडेंड्रॉन आणि घाणेरीही नको. बागेतली छाटणी कुणी प्रेमाने कुंपणापलीकडे टाकू नये, म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

निवारा साधा चालतो. तीन बाजू बंद, चौथी उघडी आणि ती वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला. थंडी अल्पाका सहज सोसतो, पण थंडी आणि पाऊस एकत्र आले की लोकर भिजून तो गारठतो. उष्णतेचं मात्र खरंच जपायला हवं. पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. १२० च्या आत काळजी नाही, १५० च्या पुढे लक्ष ठेवायचं, १८० च्या वर धोका. तुमच्याकडे वर्षातले बरेच दिवस ही बेरीज १८० ओलांडत असेल तर तुमच्या जमिनीवर अल्पाका पाळणं त्याच्यासाठी सुखाचं नाही, आणि मी ते सुचवणार नाही. तापलेल्या जनावरावर पाणी मारायचं ते पोटावर, मांड्यांच्या आत आणि पायांवर. पाठीवर मारलेलं पाणी लोकरीत अडकून उष्णता आत कोंडतं.

पायरी तिसरी: कळप निवडणं

एकटा अल्पाका कधीच ठेवू नका. दोनसुद्धा कमीच, त्यातला एक गेला की दुसरा खंगतो. किमान तीन. लोकर आणि खत एवढंच हवं असेल तर खच्ची केलेल्या नरांचा छोटा कळप नवख्यासाठी सर्वात योग्य. ते शांत राहतात, गाभण आणि विण्याची जबाबदारी येत नाही, आणि लोकर माद्यांइतकीच मिळते.

जाती दोन. वाकायाची लोकर फुगीर, कुरळ्या लाटांची, सगळ्या अंगावर उभी. सुरीची लोकर चमकदार, लांब पिळांच्या बटांनी खाली लोंबणारी. जगात दिसणाऱ्या अल्पाकांत वाकायाच कितीतरी जास्त, आणि सुरुवातीला तोच घ्यावा. लोकर सर्वांगावर सारखी फुगीर असल्यामुळे थंडी-पावसात तो जास्त टिकाव धरतो.

विकत घेताना लोकर पाहण्याआधी हात लावून पाहा. पाठीच्या कण्यावर, बरगड्यांच्या लगेच मागे, पंजा ठेवा. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. कणा टोकदार लागला आणि दोन्ही बाजू आत गेल्यासारख्या वाटल्या तर जनावर रोड आहे. कणा हाताला लागतच नसेल तर फाजील चरबी आहे. डोळ्यांना यातलं काहीही दिसत नाही, कारण लोकरीखाली हाडाचा सापळाही गुबगुबीत भासतो. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात का, पाय सरळ आहेत का, लेंड्या घट्ट आहेत का, हेही बघा.

बाटलीने दूध पाजून, माणसांच्या मांडीवर वाढलेला नर घेऊ नका. तो माणसालाच आपल्या जातीचा समजू लागतो आणि वयात आला की अंगावर धावून येतो. पिल्लू म्हणून लाडात आलेलं जनावर पुढे धोकादायक ठरतं, आणि त्याचे हाल त्यालाच जास्त भोगावे लागतात.

पैशांबद्दलही इथेच बोलू. १९८० च्या दशकापासून अमेरिकेत अल्पाकांच्या किमती भरमसाट चढत गेल्या. लोकरीचा बाजार तेवढा नव्हताच, नवे पाळणारे जुन्या पाळणाऱ्यांकडून पैदाशीची जनावरं घेत होते, एवढ्यावर तो डोलारा उभा होता. २००८ च्या मंदीनंतर तो कोसळला आणि चांगली जनावरं फुकट द्यायची वेळ अनेकांवर आली. तेव्हा पिल्लं विकून पैसे वसूल होतील असा हिशोब तुम्हाला कुणी मांडून दाखवला, तर त्यातून पिल्लांची विक्री वजा करा. लोकर, सूत आणि खत यांवर गणित जिथे येतं, तेच खरं धरा.

नवीन जनावरं आली की तीन-चार आठवडे वेगळ्या भागात ठेवा आणि त्या मुदतीत लेंड्यांची तपासणी करून घ्या. जंतनाशकांना न जुमानणारे जंत तुमच्या कुरणात येतात ते बहुतेक असेच, विकत घेतलेल्या जनावराच्या पोटातून.

पायरी चौथी: चारा-पाणी

मुख्य आहार गवत. हिरवं कमी असेल तेव्हा चांगलं वाळलेलं, बुरशी नसलेलं गवत गव्हाणीत ठेवा. खच्ची नरांना आणि भाकड माद्यांना आठ-दहा टक्के प्रथिनांचा चारा पुरतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना बारा-चौदा टक्के लागतात. स्वच्छ पाणी कायम हवं, उन्हाळ्यात आणि दूध पाजताना दुप्पट लागतं.

गाईंचा किंवा कोंबड्यांचा तयार खुराक अल्पाकाला घालू नका. काही खुराकांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं, ते अल्पाकाला मारक आहे. तांब्याचं प्रमाणही जास्त असू शकतं, आणि जादा तांबं याच्या यकृतात साचून विषबाधा होते. उंच पठारावरच्या कडक उन्हाची सवय असलेलं हे जनावर, त्यामुळे कमी सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांत हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्व कमी पडून पिल्लांचे पाय वाकतात. तिथे पशुवैद्य ते वरून देतात.

पायरी पाचवी: रोजची नजर आणि जंत

सकाळ-संध्याकाळ कळप मोजा. कोण वेगळं बसलंय, कोण रवंथ करत नाहीय, कुणाच्या मागच्या बाजूला लेंडी चिकटलीय, एवढं पाहायला थोडाच वेळ लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी नखं कापा. धनुर्वात आणि आंत्रविषाराच्या लसींचं वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्या.

म्होरकी घालायला शिकताना घाई करू नका. अल्पाका मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. नाकाचं हाड वरच्या बाजूला थोडंच असतं, पुढे नुसती मऊ कूर्चा. म्होरकीचा नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या जवळ, हाडावर बसला पाहिजे. तो सैल होऊन पुढे मऊ भागावर घसरला की श्वास अडतो, जनावर घाबरून उसळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं हे अडेल आहे. पट्टा लावल्यावर तो पुढे ओढून बघा. हाडावरून खाली उतरत असेल तर माप चुकीचं आहे. म्होरकी घालून जनावर कुरणात मोकळं सोडायचं नाही.

जंतांकडे मात्र मन लावून बघा, कारण पर्यावरणाचा प्रश्न इथेच सर्वात जास्त आड येतो. दर ठरावीक महिन्यांनी सगळ्या कळपाला जंतनाशक पाजणं सोपं वाटतं. पण त्यातून औषधाला दाद न देणारे जंत तयार होतात, आणि आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचे अंश लेंड्यांतून बाहेर पडून शेणकिड्यांना मारतात. ते किडे नसतील तर लेंड्या मातीत मिसळायचं काम मंदावतं. त्याऐवजी लेंड्यांतली अंडी मोजून घ्या, पाठीवर हात ठेवून अंगलट बघा, खालच्या पापणीचा आतला रंग बघा. गुलाबी-लाल असेल तर ठीक, फिकट पांढुरका असेल तर रक्त पिणाऱ्या जंताचा संशय घ्यावा. ज्याला गरज आहे त्यालाच औषध द्या, आणि वजन करूनच द्या. मेंढीचं प्रमाण अल्पाकाला कमी पडू शकतं, म्हणून मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

लेंड्या

सगळा कळप एक-दोन ठरावीक जागीच लेंड्या टाकतो आणि त्या जागेभोवतालचं गवत खात नाही. तुमच्यासाठी हे वरदान आहे. आठवड्यातून दोन-तीनदा फावड्याने उचललं की कुरण स्वच्छ, जंत कमी आणि खत एका ढिगात. जागा निवाऱ्याच्या फार जवळ धरली असेल तर सगळं उचलून थोड्या लेंड्या हव्या त्या ठिकाणी टाका, कळप हळूहळू तिकडे वळतो. पाण्याच्या ओढ्यापासून ती जागा लांब असू द्या.

ओंजळीत घेतल्या तर या लेंड्या कोरड्या, टणक आणि जवळपास वासहीन असतात. ताज्या घातल्या तरी झाडांची मुळं सहसा जळत नाहीत. फळझाडांना आणि फुलझाडांना तशाच चालतात. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना मात्र कुजवूनच घाला, रोगजंतू आणि तणाचं बी यांचा बंदोबस्त ढीग तापला की होतो.

पैदास: पहिल्या वर्षी नको

मादी नियमित माजावर येत नाही. नराशी संयोग झाला की मगच तिचं बीज सुटतं. गर्भ साडेअकरा महिन्यांच्या आसपास पोटात राहतो, पिल्लू एकच होतं, जुळं फार क्वचित. गाभण मादी जवळ आलेल्या नरावर थुंकते, आणि पाळणारे गर्भाची पहिली चाचणी म्हणून तेच वापरतात. खात्रीसाठी सोनोग्राफी.

विणं बहुधा दिवसा, सकाळपासून दुपारपर्यंत. आई पिल्लाला चाटत नाही, त्यामुळे गारठा असेल तर ते तुम्ही पुसून कोरडं करायचं. सहा-आठ किलोचं पिल्लू काही तासांत उभं राहून प्यायला हवं. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेलाच पाहिजे, रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच मिळते. पहिले दोन आठवडे रोज त्याच वेळी वजन करा. दिवसाला दोनशे-अडीचशे ग्रॅम वाढत असेल तर दूध पुरतंय. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडायचं.

पायरी शेवटची: कातरणी आणि लोकर

वर्षातून एकदा, उन्हाळा तापण्याआधी. ही कातरणी ऐच्छिक नाही, ती चुकली तर उष्माघात होतो. पहिली काही वर्षं अनुभवी कातरणाराच बोलवा. जनावर आडवं करून पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून धरतात, एकजण डोकं सांभाळतो, आणि जाणता माणूस काही मिनिटांत मोकळं करतो. पेरूतल्या एका मोठ्या फार्मवरची क्रूर हाताळणी २०२० मध्ये उघड झाली. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेने २०२१ मध्ये जबाबदार अल्पाका पालनाचं प्रमाणक आणलं. तुमचा कळप लहान असला तरी त्यातले कातरणीचे आणि हाताळणीचे नियम वाचून घ्यावेत.

लोकर कोरडी असतानाच कातरायची. फिकट रंगाची जनावरं आधी, गडद नंतर, म्हणजे पांढऱ्यात काळे केस मिसळत नाहीत. पाठ आणि कुशीची लोकर सर्वात तलम, ती वेगळ्या पिशवीत. मानेची दुसऱ्या, पाय-पोटाची तिसऱ्या. एका अल्पाकाकडून साधारण दोन ते चार किलो मिळते. मेंढीच्या लोकरीतला चिकट मेणासारखा थर यात जवळपास नसतो, त्यामुळे कोमट पाणी आणि थोडासा साबण पुरतो. चोळू नका, नुसती बुडवून ठेवा, नाहीतर लोकर घट्ट जमून नमदा होतो. पांढऱ्यापासून तपकिरी, राखाडी, काळ्यापर्यंत नैसर्गिक छटा इतक्या आहेत की रंगवायची गरज पडू नये असंच मला वाटतं. रंगकामातलं पाणी आणि रसायनं तेवढी वाचतात. पायांची राठ लोकर टाकून देऊ नका, रोपांच्या बुंध्याशी पसरली तर ओल धरून ठेवते.

प्रत्येक पिशवीवर जनावराचं नाव, वर्ष आणि अंगाचा भाग लिहा. कुशीच्या मधल्या भागातली चिमूटभर लोकर जाडी मोजायला प्रयोगशाळेत पाठवा. २२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली अंगाला लागणाऱ्या कपड्यांना जाते, तीसच्या वरची गालिच्यांना. मागच्या वर्षीचा अहवाल जवळ ठेवून नवा वाचा. वयाबरोबर लोकर थोडी जाड होतेच, पण एकाच वर्षात आकडा एकदम चढला तर बहुधा खाणं जास्त झालंय. लोकरीची बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटकन ताणा. एखाद्या जागी ती करकरून तुटली तर त्या काळात जनावर आजारी, उपाशी किंवा ताणाखाली होतं. बटेच्या लांबीवरून तो महिना अंदाजाने काढता येतो. मग त्या महिन्यात कळप कुरणाच्या कोणत्या भागात होता आणि तिथे गवत किती होतं, हे तुमच्या वहीत बघा, आणि पुढच्या वर्षीची पाळी त्याप्रमाणे बदला.